मेंदूतल्या मजुरांना सुट्टी

दहावीच्या वर्षी मला पहिली फिट आली. तेव्हापासून मी रोज रात्री एक पांढरी गोळी घेते. घरात तिला ‘डोक्याची गोळी’ म्हणतात. पोरीचं डोकं दुखतं म्हणून घेते, असं भाऊबंदांना सांगून ठेवलेलं आहे. फिट हा शब्द आमच्याकडे उच्चारत नाहीत, कारण माझं लग्न व्हायचं आहे. खरं काय ते घरात फक्त चौघांना ठाऊक होतं: आई, वडील, आबा आणि मोठी आई. आबा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, मोठी आई त्यांची बायको. दोंडाईच्याजवळच्या गावात आम्ही सगळे एकाच घरात राहतो आणि ते घर मोठ्या आईच्या शब्दावर चालतं.

दुसरी गोळी मी वर्षातून एकदाच घ्यायची. श्रावणात, कानबाईच्या आधी.

आमच्याकडे कानबाई म्हणजे दिवाळीपेक्षा मोठी. नारळाला नथ, डोळे, साडी घालून देवी मांडायची. भाऊबंदांत जितके पुरुष, त्यांच्या नावानं मोजून गहू घ्यायचे, ते वेगळे दळायचे, त्याचे रोट, म्हणजे प्रसादाच्या पोळ्या, करायचे. पुण्याला, सुरतेला गेलेले चुलतभाऊ त्या रविवारी घरी येतात. घरात कुणाला विटाळ झाला तर रोट बिघडले, म्हणजे वर्ष बिघडलं. त्यामुळे कानबाई जवळ आली की मोठी आई स्टँडजवळच्या मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मागवते आणि घरातल्या सगळ्या बायकांना, प्रसाद वाटावा तशा, हातावर ठेवते. मेडिकलवाला काही विचारत नाही. त्याच्या घरीही कानबाई असते.

या गोळ्या सगळ्यांना लागू पडायच्या. मला नाही. बारावीला असताना ऐन शनिवारी माझी पाळी आली. पुढच्या वर्षी मला दोन दिवस आधीपासून गोळ्या दिल्या, तरी आली. मग दिवसाला एकाऐवजी दोन दिल्या, तरीही आली. दर वर्षी मला मागच्या दारच्या पडवीत बसवायचे. आत पुरणाचा वास, फुगड्या, गाणी, आणि मी गुरांच्या चाऱ्याशेजारी चटईवर. भांडं दुरून सरकवायचं.

“बठ्ठ्यासले लागू पडस, हाईलेच कसं नही पडत व माय?” मोठी आई आईला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची. “गोई थुकी देत व्हई. नहीतं मग आंगम्हाच काही दोष शे.”

आई धाकटी जाऊ. ती खाली मान घालून गहू निवडत राहायची.

मी गोळी थुंकत नव्हते. पण अंगात दोष असेल, हे मात्र मला बरीच वर्षं खरं वाटत होतं. डोक्यात दोष होताच, मग इतरत्रही असणार.

बी.एस्सी.नंतर मी जळगावला बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी.ला आले. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. वर्गात मी फारसं बोलायचे नाही. प्रश्न विचारला तर आपला उच्चार चुकेल, नाहीतर ‘आहे’ऐवजी ‘शे’ म्हणून बसू, अशी भीती. दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला आमच्या मॅडमनी मेंदूतल्या एन्झाइम्सवर शिकवायला घेतलं. औषधं आणि हार्मोन शरीरात तोडली जातात ती मुख्यतः यकृतात, हे आम्हाला माहीत होतं. मॅडम म्हणाल्या, “तीच एन्झाइम्स मेंदूतही असतात. यकृताच्या मानानं फार थोडी, म्हणून कित्येक वर्षं कुणी लक्ष दिलं नाही. पण ती असतात थेट मज्जापेशींमध्ये, आणि सगळीकडे सारखी नाहीत. मेंदूच्या एखाद्या भागात भरपूर, शेजारच्या भागात अगदी कमी. त्यामुळे रक्तात औषध किती आहे यावरून मेंदूत काय चाललंय ते पूर्ण कळत नाही.”

मग त्या सहज, उदाहरण म्हणून म्हणाल्या, “फिट्सचं जुनं औषध घ्या, फेनिटॉइन. ते रोज घेतलं की ही एन्झाइम्स वाढतात. यकृतात तर वाढतातच, प्राण्यांच्या मेंदूतही वाढलेली दिसली आहेत. मग ती वाढलेली एन्झाइम्स दुसरी औषधं, शरीरातली हार्मोनसुद्धा भराभर तोडायला लागतात. अशा बाईला हार्मोनच्या गोळ्या दिल्या तर त्या कमी पडू शकतात.”

माझ्या गोळीच्या पाकिटावर तेच नाव होतं. मी वहीत काही लिहिलं नाही. कानामागे गरम झालं होतं. शेजारच्या मुलीनं विचारलं, “काय गं, बरं नाही का?”

तास संपल्यावर मी मॅडमच्या केबिनबाहेर उभी राहिले, परत फिरले, पुन्हा आले. शेवटी आत जाऊन म्हटलं, “मॅडम, माझी एक मैत्रीण ही गोळी घेते. तिच्या फिट्स पाळीच्या आधीच जास्त येतात. त्याचाही काही संबंध असतो का?”

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. “असू शकतो. पाळीआधी जे हार्मोन कमी होतं, त्यापासून मेंदूतली एन्झाइम्स एक पदार्थ बनवतात. तो पेशींना शांत ठेवतो. हार्मोन घटलं की तो पदार्थही घटतो. काही बायकांना त्या दिवसांत फिट येते ती त्यामुळे. मैत्रिणीला म्हणावं, डॉक्टरांशी मोकळेपणानं बोल. आणि गोळी मनानं बंद करू नको. हे नक्की सांग.”

“सांगते.”

“तुझ्या प्रोजेक्टला हाच विषय घेतेस का?” त्यांनी विचारलं. बहुतेक त्यांना कळलं होतं.

मी घेतला. उंदीर वापरायचे तर परवानग्या लागतात, म्हणून बकऱ्याचा मेंदू ठरला. आमच्या घरात अंडंही शिजत नाही, आणि मी भल्या सकाळी बर्फाचा डबा घेऊन खाटकाच्या दुकानापुढे उभी राहू लागले. “ताई, भेजा फ्राय करणार का करी?” तो विचारायचा. कॉलेजसाठी हवाय म्हटल्यावर त्याला फार हसू आलं. “कॉलेजात भेजे कमी पडले का?” लॅबमध्ये मी तो मेंदू बर्फावर ठेवून वाटायचे, सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवायचे, आणि नळीच्या तळाशी जो तपकिरी थेंबभर गाळ उरायचा त्यात ती एन्झाइम्स मोजायचे. यकृताच्या शेजारी मेंदूचा आकडा केविलवाणा दिसायचा. पण तो शून्य नव्हता. मला त्या गाळाकडे पाहून वाटायचं, हेच माझ्यात जास्त आहे. दोष नाही, ही गोष्ट आहे. तिला नाव आहे.

खरं सांगायचं तर त्या महिन्यात मी आनंदात होते. घरी जाऊन सांगितलं की सगळं मिटेल, असं मला मनापासून वाटत होतं.

आधी आईला घेऊन धुळ्याच्या डॉक्टरांकडे गेले. तेच माझ्यावर पहिल्यापासून उपचार करतात. बाहेर ओटीपर्यंत गर्दी होती. मी उभ्याउभ्याच कानबाईच्या गोळ्यांचं विचारलं. ते लिहिता लिहिता म्हणाले, “हो, होतं तसं. त्या गोळ्या तुला पुऱ्या पडणार नाहीत.”

“म्हणजे हे तुम्हाला माहीत होतं?”

“पुस्तकातलीच गोष्ट आहे.” त्यांनी वर पाहिलं. “तू त्या गोळ्या घेतेस हे कुठं सांगितलंस? तुम्ही कानबाईसाठी काय काय गिळता ते मला इथं बसून कसं कळणार?”

ते चुकीचं बोलत नव्हते. पण इतकी वर्षं दर तीन-चार महिन्यांनी मी त्यांच्यासमोर बसत होते आणि त्यांनी माझ्या पाळीबद्दल एक शब्द विचारला नव्हता. विचारलं असतं तरी आईसमोर मी सांगितलं नसतं कदाचित. कोणावर रागवायचं ते मला ठरवता येईना.

ते म्हणाले, “औषध बदलता येईल. पण नवी गोळी सुरू करून जुनी हळूहळू उतरवावी लागते. आता सणासुदीत नको. दिवाळीनंतर या.”

घरी गेल्यावर ओसरीवर मोठी आई, आबा, आई, सगळ्यांसमोर मी सांगायला बसले. एन्झाइम हा शब्द वापरायचा नाही असं ठरवूनच आले होते. म्हटलं, “असं समजा, की माझी डोक्याची गोळी म्हणजे वावरातला कापूस. रोज येतो, म्हणून शरीरानं वेचायला जास्तीचे मजूर लावले. यकृतात लावले, मेंदूतही लावले. आता ते मजूर काही आपलं-परकं बघत नाहीत. तुम्ही दिलेली पाळीची गोळी आली की तीही वेचून मोकळे होतात. म्हणून ती मला लागू पडत नाही. बाकी काही नाही.”

आबांनी मान हलवली. मोठ्या आईनं सुपारी कातरायला घेतली. मला वाटलं, समजलं नाही.

तिला सगळं समजलं होतं. तिच्याइतकं लवकर आमच्या वर्गातही कुणाला समजलं नसतं.

“मंग त्या मजूरसले आठ दिन सुट्टी दी टाक ना,” ती म्हणाली. “कापूसच नही उना ते मजूर काय वेचतीन? डोकानी गोई बंद कर. कानबाई व्हई गई का चालू कर.”

“मोठी आई, मजूर असे लगेच जात नाहीत. गोळी बंद केली तरी काही आठवडे राहतात. आणि मधे फिट येईल.”

“आठ दिनम्हा काय व्हस?”

“येईल. डॉक्टर म्हणाले, मॅडम म्हणाल्या.”

“तुन्ही मॅडम श्रावणम्हा बकराना भेजा कापाले लावस पोरीसले,” ती शांतपणे म्हणाली. प्रोजेक्टचं मी फक्त आईला सांगितलं होतं. “देवी कोपाव नही ते काय करी?”

आबांनी निकाल दिला. यंदा सगळे भाऊबंद येणार आहेत. पडवीत पोर बसलेली पुन्हा दिसायला नको, लोक विचारतात. जमत असेल तर आठ दिवस गोळी बंद करून घरात राहा. नाहीतर कानबाईला जळगावलाच थांब. वडील तिथेच बसले होते. ते उठून बैलांना पाणी दाखवायला गेले.

कानबाईला मुलगी घरी नाही, याचा अर्थ आमच्याकडे एकच होतो. ती घरातून गेली.

संध्याकाळी चुलीपाशी आईनं हात पुढे केला. “दे माले. आठ दिन. मन्हासाठे.” मी डोक्याच्या गोळ्यांचं पाकीट तिला दिलं आणि मोठ्या आईच्या गोळ्या घेतल्या. मॅडमनी मैत्रिणीला काय सांगायला सांगितलं होतं ते मला आठवत होतं. पण मलाही आत बसायचं होतं. एकदा तरी, पुरण वाटणाऱ्या बायकांच्या मधोमध.

आणि मी बसले. त्या रविवारी पाळी आली नाही. मी रोटाचं पीठ मळलं, रात्रभराच्या जागरणात बसले, गाणी म्हटली. चुलतबहिणी म्हणाल्या, “यंदा बरी सापडली तू!” सोमवारी सकाळी देवी डोक्यावर घेऊन वाजतगाजत आम्ही नदीकडे निघालो. मला फुगडीला ओढलं. तिथपर्यंत आठवतं.

पुढचं मला मोबाइलमधून कळलं. एका चुलतभावानं शूटिंग केलं होतं. मी फुगडी सोडून खाली बसते, मान एका बाजूला वळते, मग हातपाय ताठ होतात आणि झटके सुरू होतात. तोंडाच्या कडेनं फेस. मी स्वतःला असं कधी पाहिलं नव्हतं. क्षणभर गर्दी थबकते. वाजवणाऱ्यांचे हात थांबतात. भाऊबंदांतली एक सून म्हणते, “हाई ते...” आणि तेवढ्यात मोठ्या आईचा आवाज येतो, खणखणीत: “आंगम्हा उनी! कानबाई उनी व माय!”

अंगात आली म्हटल्यावर वाजंत्री दुप्पट जोरानं सुरू होते. बायका माझ्या कपाळावर हळदीकुंकू थापतात. कुणी पायांवर पाणी घालतं. एक म्हातारी माझ्या कानाशी वाकून विचारते, “माय, मन्हा पोऱ्याले नोकरी कव्हय लागी?” माझी टाच जमिनीवर आपटत असते. आई गर्दीच्या कडेला उभी आहे. ती जवळ येत नाही, पण सगळ्यांबरोबर हात जोडते.

मी शुद्धीवर आले तेव्हा जीभ चावली गेली होती आणि लोक माझ्या पाया पडत होते. जे मला दरवर्षी भांडं सरकवायचे, तेही.

घरी आल्यावर तासाभरात पाळी आली. मी न्हाणीतून आईला हळूच सांगितलं. ती घाबरली आणि मोठ्या आईकडे गेली. मला वाटलं, आता पडवी. रोट तर अजून घरातच होते. मोठी आई न्हाणीच्या दाराशी येऊन म्हणाली, “कोणले सांगू नको. देवीले कसाना इटाळ?” तिनंच मला स्वच्छ साडी आणून दिली आणि माजघरात, देवी मांडली होती त्या चौरंगाजवळ बसवलं.

म्हणजे विटाळ असा काही नव्हताच. मला पडवीत बसवायचं की चौरंगाजवळ, हे ती ठरवत होती. त्या दिवशी मला झटक्यांपेक्षा त्याचं जास्त लागलं.

पुढे तो व्हिडिओ गावोगावच्या ग्रुपवर फिरला. मी जळगावला परतले, गोळी पुन्हा सुरू केली. पण आबांचे फोन येऊ लागले: मंगळवारी ये, शिरपूरकडची माणसं येणार आहेत, त्यांना काही विचारायचं आहे. मी प्रोजेक्टचं कारण सांगत राहिले. दिवाळीला गेले तेव्हा ओसरीवर अनोळखी बायका नारळ घेऊन बसल्या होत्या. मोठी आई त्यांना सांगत होती, पोर शिकलेली आहे, पण देवीनं तिलाच निवडलं.

मी सगळ्यांसमोर म्हटलं, “मला देवी नाही आली. फिट आली होती.” हा शब्द मी त्या घरात पहिल्यांदा मोठ्यानं बोलले. “दहावीपासून येते. गोळी बंद केली म्हणून आली. आबांना माहीत आहे.”

बायका मोठ्या आईकडे पाहू लागल्या. ती माझ्यावर चिडली नाही. कीव केल्यासारखी हसली.

“तुले काय म्हाईत? तू ते शुद्धीवर बी नव्हती.”

“मी व्हिडिओ पाहिलाय.”

“आम्ही बठ्ठासनी डोयानी देखं.”

बायकांच्या माना डोलल्या. मेंदू माझा, त्यातल्या पेशी माझ्या, आणि तेवढ्या वेळापुरती मीच तिथे नव्हते. माझ्या वतीनं तिथं काय घडलं हे सांगायचा हक्क गर्दीला होता. आबा बायकांना दारापर्यंत सोडायला उठले. बायका गेल्यावर मात्र ते म्हणाले, “तुला कळत नाही. इतक्या लोकांपुढं पडली होतीस. तिनं तुझी अब्रू वाचवली.” आणि हे खोटं नव्हतं. हेच मला सहन होत नाही. ती जे ओरडली ते ओरडली नसती, तर त्याच दिवशी माझं ‘डोकं दुखणं’ काय आहे ते सगळ्या भाऊबंदांना कळलं असतं.

ठरल्याप्रमाणे दिवाळीनंतर आई आणि मी धुळ्याला गेलो. औषध बदलायचं होतं. डॉक्टरांनी कागद पुढे ओढला आणि नेहमीसारखं विचारलं, “मागच्या वेळेनंतर किती फिट्स?”

माझ्याआधी आई बोलली. “नही डॉक्टरसाहेब, एकबी नही.”

डॉक्टर खूश झाले. “मग कशाला बदलायची? छान चाललंय की. आहे तीच गोळी ठेवू.”

मी आईकडे पाहिलं. ती समोरच्या भिंतीवरच्या मेंदूच्या चित्राकडे बघत होती. तिला तो प्रश्नच कळला नव्हता असं नाही. तिच्या लेखी तिनं खरं उत्तर दिलं होतं, किंवा ते खरं व्हावं म्हणून दिलं होतं. मला अजून ठरवता येत नाही.

“एक आली,” मी म्हटलं. “श्रावणात. गोळी आठ दिवस बंद होती.”

“कुणी बंद केली?”

आई उठली आणि बाहेर जाऊन बसली.

मी डॉक्टरांना सगळं सांगितलं, पाळीचंही. त्यांनी या वेळी पेन खाली ठेवून ऐकलं. नवी गोळी लिहून दिली, थोड्यापासून वाढवायची, जुनी कशी कमी करायची ते समजावलं, आणि पुन्हा असं केलंत तर जिवावर बेतेल म्हणाले. ते आईला ऐकवायला हवं होतं, पण ती आत आली नाही.

आम्ही चालत स्टँडवर आलो. दोंडाईचा गाडी लागलेली होती. मी तिच्यासाठी खिडकीची जागा धरली. ती बसल्यावर म्हणाली, “त्या दिवशी तुझ्या मोठ्या आईनं मला पहिल्या पंगतीला बसवलं. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा.” आई माझ्याशी प्रमाण मराठीत बोलते तेव्हा ती फार दूर गेलेली असते.

“आई, मी मेले असते.”

“मेली नाहीस ना.”

कंडक्टरनं घंटी दिली. मी खाली उतरले आणि खिडकीशी आले. “पुढच्या कानबाईला मी येणार नाही,” मी म्हटलं. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला, शेजारच्या बाईला पिशवी सरकवायला सांगितली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “तुले बोलावलं कोनी?”

गाडी निघाली. जळगावची गाडी पलीकडच्या फलाटावर उभी होती. मी जाऊन बसले.